बुवांच्या मागची जागा

१

रामाजीबुवा भिवापूरकर पहिल्यांदा गेले तेव्हा महाल भागातली अर्धी वस्ती त्यांच्या मागे घाटापर्यंत चालत गेली होती. दुसऱ्यांदा गेले ते कोणाच्या ध्यानीमनी नसताना. सकाळी दुर्गेशने प्रयोगशाळेचं दार उघडलं, तर टेबलावरची काळी डिस्क जागेवर नव्हती. तिची वायर तेवढी मेलेल्या सापासारखी लोंबत होती.

विद्यापीठाच्या सुरक्षा अधिकारी कामिनीताई देवघरे आल्या तेव्हा पोरगा गालिच्यावरच बसकण मारून होता.

"उठ गा," त्या म्हणाल्या. "कोणी गेल्यासारखा काहून बसला?"

"गेलंच ना मॅडम. बुवाच गेले."

खोटं नव्हतं ते. त्या डिस्कमध्ये बुवांचं शेवटचं कीर्तन होतं. ते लग्नातल्या व्हिडिओसारखं सपाट चित्रण नव्हतं. या खोलीत रिंगण करून कॅमेरे लावले होते आणि बुवांना समोरून, मागून, कडेने, सगळ्या अंगांनी टिपून घेतलं होतं. डोळ्यांवर हेडसेट चढवला, की बुवा पुढ्यात उभे राहत. त्यांच्याभोवती फिरून यावं, हवं तर पायाशी बसावं. नसलेला माणूस असा असल्यासारखा उभा करणं, हाच दुर्गेशच्या पीएचडीचा विषय होता.

"दुसरी कॉपी?"

"होती. नव्या प्रोजेक्टले जागा पाहिजे म्हणून माह्या गाईड सरांनी मागच्या महिन्यात डिलीट करायले लावली. म्हणाले, नवीन सर्व्हर येऊन राहिला." दुर्गेश कडवट हसला. "तो अजून येऊनच राहिला."

कामिनीताई खुर्चीत बसल्या. पोलिसातली नोकरी संपवून त्या इथे आल्या होत्या. नोकरीत असताना खून-मारामाऱ्या निस्तरून संध्याकाळी मन धुवायला एकच जागा होती, ती म्हणजे बुवांचं कीर्तन. वीस वर्षं पहिल्या रांगेत, खांबाला टेकून त्यांनी ते ऐकलं. पूर्वरंगात बुवा निरूपण करत करत श्रोत्याला हळूच देवाच्या दारापर्यंत आणून सोडत. मग मध्यंतर व्हायचं. बुवांना हार घातला जाई, कपाळोकपाळी बुक्का लागे, आणि आख्यान सुरू करण्याआधी बुवा एक हात ओठांपाशी नेत, मिशी पुसल्यासारखं करत. त्यानंतर जो आवाज लागे, त्याला जणू आतून लोणी लावलेलं असे.

"या रेकॉर्डिंगमध्ये कोणतं आख्यान हाय?" त्यांनी विचारलं.

"सुदाम्याचे पोहे. पण आपल्या देवळात होते तसं नाही. एका दमात केलं. रिंगणात दोघंच मावत होते, बुवा अन् तबल्यावर मार्तंडकाका. तिसरं माणूस आलं की कॅमेऱ्याले आडवं येते. म्हणून मध्ये हार नाही, बुक्का नाही, काहीच नाही. आजीबाईले पण त्या काचेच्या बाहेर बसवलं होतं."

आजीबाई म्हणजे बुवांच्या पत्नी रुखमाबाई. लग्न झाल्यापासून टाळ घेऊन त्या बुवांच्या पाठीमागे उजव्या बाजूला बसत आल्या होत्या. डाव्या बाजूला मार्तंडचा तबला.

"उद्या वर्षश्राद्ध हाय," दुर्गेश म्हणाला. "सकाळचा विधी झाला की आजी इथं येणार होत्या, बुवाले पाहायले. डोळे जाऊन राहिले त्यांचे. काचबिंदू. डॉक्टर म्हणतात, पुढच्या वर्षी काही दिसणार नाही. हेडसेटमध्ये मोठं अन् जवळ दिसते म्हणून..." त्याने लोंबणारी वायर हातात घेतली.

"डिस्क किती दिवसांपासून या टेबलावर होती?"

"वर्षभर. कोणी हातही लावला नाही."

"मग आत्ताच काहून? या आठवड्यात नवीन काय घडलं?"

दुर्गेशने डोकं खाजवलं. "आजीले हेडसेट बसवून पाहायले बोलावलं होतं, तेवढंच. त्यांचा पोरगा अंकुशभाऊ अन् मार्तंडकाका संगं आले होते. मी म्हटलं, आजी, तुमची खुर्ची बुवांच्या समोर ठेवतो. तर त्या म्हणाल्या, 'मी समोर कधी बसली? मले माह्या जाग्यावर बसव, मागं.'"

"हे ऐकायले तुम्ही तिघंच होते?"

"तिघंच. अन् मॅडम..." तो घुटमळला. "काल दुपारी अंकुशभाऊ परत आले होते. लय भांडले. म्हणाले, हे डबडं एक दिवस कन्हान नदीत फेकतो."

२

अंकुश खापरखेड्याच्या वीज केंद्रात कामाला होता. श्राद्धासाठी रजा टाकून तो सक्करदऱ्याला आईच्या घरी आला होता. कामिनीताई पोचल्या तेव्हा अंगणात कूलरमध्ये पाणी भरत होता. त्यांना पाहून त्याने नळी खाली टाकली.

"आईसमोर काही बोलू नका जी," तो आधीच दबक्या आवाजात म्हणाला. "दुर्गेशचा फोन आला होता. तिले सांगितलं नाही मी."

आत रुखमाबाई भिंतीला हात लावत लावत बाहेरच्या खोलीत आल्या. "कोण आलं रे?"

"मी कामिनी देवघरे, काकू."

"समोरची, खांबाजवळची का वं?" म्हातारीचा चेहरा उजळला. "तुह्या हसण्यावरून बुवा म्हणत, आज गाडी रुळावर हाय. बस. उन्हातून आली, पाणी घे."

तांब्या पुढे करण्याआधी त्यांनी कमरेची पिशवी सोडली आणि खडीसाखरेचा एक खडा कामिनीताईंच्या तळहातावर ठेवला. नजर भलतीकडेच होती, पण हात अंधारातही अचूक तळव्यावर आला.

"उद्या किती वाजता यायचं वं तिकडं? पोरगा घड्याळ सांगत नाही मले."

"मी स्वतः न्यायले येतो, काकू."

तोंडात खडा विरघळत होता. कोर्टात उलटतपासणीला कधी डगमगल्या नाहीत, त्या बाईला त्या साध्या प्रश्नासमोर मान वर करता येईना.

परत अंगणात आल्यावर त्यांनी अंकुशला सरळ विचारलं, "डिस्क तू नेली?"

"नेली असती तर बरं झालं असतं." त्याने कपाळावरचा घाम पुसला. "सगळ्या दुनियेले माहा बाप पाहायचा हाय. मले नाही पाहायचा. मी त्याले खांदा दिला मॅडम. आता तो तिथं नाचताना पाहायचा, अन् हेडसेट काढला की पुन्हा मेला. कितीदा मरू द्यायचा एका माणसाले?"

कामिनीताईंनी खाली पडलेली नळी उचलून कूलरमध्ये सोडली. 

"मग आईले नेऊन काहून राहिला?"

"तिचे डोळे माह्या हट्टापेक्षा मोठे हायेत." मग खाली पाहत तो म्हणाला, "दुपारी भांडलो, मग लाज वाटली. तो पोट्टा बिचारा वर्षभर राबून राहिला. म्हणून दिवेलागणीले परत गेलो, माफी मागायले. दार आतून बंद होतं. आत तबला वाजत होता, आमच्याच कीर्तनाचा. म्हटलं पोट्टा रेकॉर्डिंग पाहत असन. तसाच फिरलो."

"बुवांचा आवाज कसा वाटला?"

अंकुश थबकला. मग हळूहळू त्याची मान वर आली.

"आवाज नव्हता," तो म्हणाला. "नुसता तबला होता."

३

कामिनीताई प्रयोगशाळेत परतल्या. हेडसेट उचलून त्यांनी दुर्गेशच्या हातात दिला. "घाल. तुह्याजवळ असन ते काहीतरी लाव, मोठ्या आवाजात."

त्याने कुठलंसं वाघाचं जंगल लावलं. त्या दाराबाहेर जाऊन उभ्या राहिल्या, दार लावून घेतलं, कान लावला. वाघ नाही, पाखरू नाही. आत आल्या.

"हेडसेटचा आवाज घालणाऱ्यालेच ऐकू येते. बरोबर?"

"हो."

"अन् स्पीकर लावला असता तर तबल्यासंगं बुवाही ऐकू आले असते."

दुर्गेशची नजर एका कोपऱ्याकडे गेली. कोपऱ्यात खोळीखाली तबला-डग्गा होता. रेकॉर्डिंगनंतर मार्तंडने तो घरी नेलाच नव्हता. 'बुवांच्या मागं तिथंच राहू द्या,' म्हणाला होता. शेजारी तंबोऱ्याची इलेक्ट्रॉनिक पेटी, बुवांच्या पट्टीत लावलेली, तीही तशीच.

कामिनीताईंनी खोळ काढली. पेटीचं बटण दाबलं. सूर भरला तशी खोली देवळासारखी झाली. मग त्यांनी वाकून तबल्यावर एकच टिचकी मारली.

तबला त्या सुरात असा मिसळला, की दोन वस्तू वाजताहेत हे ओळखू येईना.

"वर्षभर या एसीच्या गारठ्यात पडलेला तबला असा बोलते का रे?" त्या म्हणाल्या. "अरे, आमच्या देवळात पूर्वरंग ते आख्यान एवढ्यात सुरातून उतरते तो. मध्यंतरात मार्तंडराव मान खाली घालून ठोकत बसतात. हा काल कोणीतरी मिळवला. बुवांच्या पट्टीत मिळवला आणि त्यांच्यासंगं वाजवला. तू मले काल दुपारचं सांगितलं, संध्याकाळी कोण आलं ते सांगितलं नाही."

दुर्गेशने हेडसेट मांडीवर घट्ट धरला.

"बाहेरच्या माणसाले एकट्याले आत बसवायचं नाही, असा नियम हाय मॅडम. सरांनी ऐकलं असतं तर माही पीएचडी गेली असती. काका म्हणाले, उद्या-परवा सगळे येतील, गर्दी होईन, मले एकदा एकट्याले बुवांजवळ बसू दे. कसं नाही म्हणू? मी लावून दिलं अन् चहाले गेलो. आलो तर काका निघून गेले होते. टेबलाकडे पाहिलंच नाही मी." तो रडवेला झाला. "पण ते काहून नेतील? बुवा म्हणजे त्यांचा देव होता."

"म्हणूनच तर प्रश्न हाय," कामिनीताई म्हणाल्या. "देव चोरणारा माणूस देवावर रुसलेला असते, नाही तर त्याले घाबरलेला."

४

महालातल्या बांगड्यांच्या दुकानावर मार्तंडची खोली होती. खाली बायकांची घासाघीस चालली होती, वर एक म्हातारा देवघरासमोर पाठमोरा बसला होता. कामिनीताईंची पावलं ओळखून त्याने वळूनही पाहिलं नाही.

"या," तो म्हणाला. "मले वाटलंच होतं, तुमालेच पाठवतील."

देवघरात खालच्या पायरीवर बुवांच्या उपरण्यात काहीतरी चौकोनी गुंडाळून ठेवलं होतं. त्यावर ताजं फूल होतं.

"फोडायची असती तर फूल वाहिलं नसतं," कामिनीताई खाली बसल्या. "विकायची असती तर वाजवत बसला नसता. तुमाले ती फक्त उद्यापर्यंत लपवायची होती, काकूंच्या नजरेआड. अन् काकू समोर बसल्या असत्या तर तीही लपवली नसती. मागं बसतो म्हणाल्या, तिथं तुमचं बिनसलं. मागून असं काय दिसते, मार्तंडराव?"

मार्तंडने उपरण्यावरचं फूल सरळ केलं.

"तुमी समोरची माणसं," मार्तंड म्हणाला, "तुमाले बुवाचं तोंड माहीत. आमाले त्याचा हात माहीत. कमरेमागं हात घेऊन बोलत होता तो माह्यासंगं. पंजा उघडला की लय वाढव. मूठ वळली की आवर. लोकांले वाटे, तबलजी काय ओळखते बुवाच्या मनातलं. मन कशाचं, हात ओळखत होतो."

"अन् त्या दिवशी?"

"त्या दिवशी आख्यान लागायच्या वेळी हात मागं आला. पंजा उघडला. मी लय वाढवली. पुन्हा उघडला, मी आणखी वाढवली. बुवा नाचले, घामाघूम झाले. त्याच आठवड्यात छाती दुखून गेले. डॉक्टर म्हणाले, हृदय थकलेलं होतं, ताण पडला असन." त्याने डोळे मिटले. "काल तो चष्मा घालून माह्या जाग्यावर बसलो. अगदी जवळून पाहिलं. पंजा उघडत होता, अन् दर वेळी मूठही वळत होती. उघडणं मी पाहिलं होतं, मिटणं पाहिलं नव्हतं. तो सांगून राहिला होता, आवर मार्तंडा, थकलो. कीर्तनाच्या गादीवर उभा माणूस, तोंडानं कसा सांगन? हातानं सांगत होता. मी मारला त्याले."

कामिनीताईंनी आयुष्यात कितीतरी कबुल्या ऐकल्या होत्या. एवढी खरी वाटणारी आणि एवढी खटकणारी एकही नव्हती.

"तुमी डाव्या बाजूले बसता," त्या सावकाश म्हणाल्या. "तुमच्याशी बुवा कोणत्या हातानं बोलत?"

"डाव्या. चिपळ्या उजव्या हातात राहत."

"काल दिसला तो कोणता होता?"

 मार्तंडने स्वतःचे दोन्ही हात पुढे धरून पाहिले, मग एक पाठीमागे नेला.

"उजवा," तो पुटपुटला. "चिपळ्या डाव्या हातात घेतल्या होत्या."

"म्हणजे तुमच्याशी बोलणारा हात गुंतला होता. आता सांगा, इतक्या वर्षांत पूर्वरंग संपल्यावर तो उजवा हात कधी पाहिला?"

"मध्यंतरात? तेव्हा मी तबला मिळवतो. मान खालीच राहते."

"अन् त्या दिवशी मध्यंतरच नव्हतं. मिळवायले वेळ नाही, मान वर, म्हणून पहिल्यांदा दिसला. आमाले समोरून बाकीचा अर्धा भाग दिसत होता, मार्तंडराव. वीस वर्षं मी पाहिला. हार झाला, बुक्का झाला, की बुवांचा उजवा हात कमरेमागून यायचा अन् ओठांपाशी जायचा. मी समजत होतो मिशी पुसतात." त्यांच्या जिभेवर सकाळचा गोडवा पुन्हा जागा झाला. "मागं तुमच्या उजवीकडं कोण बसत होतं?"

मार्तंडने मान उजवीकडे वळवली.

"पण ते मी सांगून कामाचं नाही," कामिनीताई उठल्या. "जिची जागा तिनंच सांगावं. उपरण्यासकट घ्या."

"अन् तिले वाटलं, मीच मारला तर?"

"तर ऐकून घ्या. कीर्तनात बसलेल्या माणसानं उत्तररंगाच्या आधी उठू नये."

५

दुसऱ्या दिवशी सकाळी पिंडाला कावळा शिवला, पानं उठली आणि मंडळी प्रयोगशाळेत आली. अंकुशने आईला हात धरून आत आणलं. गालिच्यावर पांढऱ्या चिकटपट्टीची फुली होती. बुवा जिथे उभे राहिले होते ती जागा. दुर्गेशने फुलीच्या मागे उजव्या बाजूला सतरंजी घातली. डाव्या बाजूला मार्तंड तबल्यामागे बसला, पण त्याचे हात मांडीवर होते. काल काय झालं, डिस्क कुठे होती, हे रुखमाबाईंना कोणी सांगितलं नाही. अहवालात काय लिहायचं, ते कामिनीताई नंतर पाहणार होत्या.

"आजी, तुमाले जे दिसन तेच आमाले या पडद्यावर दिसन," दुर्गेश म्हणाला आणि हेडसेट हलक्या हाताने बसवला.

पडद्यावर बुवा आले. पाठमोरे. कामिनीताईंनी ही पाठ कधी पाहिलीच नव्हती. झग्याला घामाचा एक मोठा डाग पडला होता आणि मानेवर पांढरी लव होती. समोरून पर्वत वाटणारा माणूस मागून किती लहानखुरा होता.

रुखमाबाई ताठ बसल्या. त्यांचं सुरकुतलेलं तोंड हेडसेटखाली मिटलेलं होतं. कीर्तनात बोलत नाहीत. पूर्वरंग पुढे सरकत गेला. अंकुश भिंतीकडे तोंड करून उभा होता. मग तोही वळला.

पूर्वरंग संपला. पडद्यावर बुवांनी चिपळ्या डाव्या हातात घेतल्या. उजवा हात कमरेमागे आला. पंजा उघडला, वाट पाहिली, मिटला. पुन्हा उघडला.

मार्तंडने मान खाली घातली.

"अगं बाई," रुखमाबाई म्हणाल्या. पडद्याकडे कोणी पाहत नव्हतं आता, सगळे त्यांच्याकडे पाहत होते. "अवो, मी तर बाहेर बसली होती जी. काचेच्या बाहेर. तुमाले आठवलं नाही का?"

"वहिनी," मार्तंडचा आवाज फुटला, "ते मले म्हणून राहिले होते, आवर म्हणून. मी..."

"तुले कशाले म्हणतीन रे वेड्या?" त्यांचे हात कमरेच्या पिशवीशी झटत होते, गाठ सुटता सुटत नव्हती. "तो हात माहा हाय. लग्नाच्या पहिल्या वर्षापासून. आख्यानाच्या आधी घसा सुकते त्यांचा. मी खडीसाखर ठेवतो हातावर. तू तिकडं ठोकत बसते, तुले काय माहीत? वाजव. थांबला काहून?"

मार्तंडने तबल्यावर हात ठेवला. डोळ्यांतलं पाणी चामड्याच्या पुडीवर पडू नये म्हणून मान मागे टाकली आणि पहिली थाप दिली.

गाठ सुटली. पडद्यावरचा पंजा पुन्हा उघडला होता. रुखमाबाईंनी खडा चिमटीत धरला, हात पुढे केला आणि हवेत, जिथे त्यांच्या दृष्टीने तो तळवा होता तिथे, अलगद ठेवला.

खडा खाली आला. अंकुश उचलायला वाकला तसा कामिनीताईंनी त्याचा दंड धरला.

बुवांची मूठ मिटली, पुन्हा उघडली. रिकामाच होता ना तो हात, त्या दिवशी. कितीदा तरी उघडला असेल. "आणखी पाहिजे का?" म्हातारी हसली. "सुदाम्याचं आख्यान लावलं की असंच करता." तिने दुसरा ठेवला. तोही गेला. मग तिसरा.

आता मूठ वळली ती उघडली नाही. हात कमरेमागून निघाला आणि पुढे गेला. वीस वर्षं समोरून पाहिलेली ती हालचाल कामिनीताईंनी या वेळी पाठीमागून पाहिली. कोपर उचललं गेलं, मान किंचित झुकली. काहीच नसलेला हात बुवांनी ओठांपाशी नेला, आणि त्यांचा आवाज लागला.

"उशीर झाला जी मले," रुखमाबाई म्हणाल्या. "पण दिला."

त्यांनी समाधानाने हात मांडीवर घेतले आणि नसलेला टाळ धरून ठेका धरला. पांढऱ्या फुलीजवळ तीन खडे पडले होते. जाड गालिचा होता, पडताना त्यांचा आवाज झाला नव्हता.